सभागृह मिळालं, आता माणसं आणायची कुठून?

विद्यार्थी मंडळात नव्यानं आलेल्यांच्या गळ्यात पहिलं काम पडतं ते कार्यक्रमांच्या प्रसिद्धीचं. कारण उघड आहे. वक्त्यांशी बोलायला जुन्यांना आवडतं, पैसे खजिनदाराकडं असतात, आणि पोस्टर लावत हिंडायला नवे पाय लागतात. मीही तसाच आलो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात एका छोट्या अभ्यास मंडळासाठी चार वर्षं हे काम केलं. त्यात सभागृह भरून माणसं दाराशी उभी राहिली, आणि एकदा वक्त्यांसकट नऊ जणांत कार्यक्रम उरकावाही लागला. खाली जे लिहितोय ते त्या चार वर्षांतलं. उदाहरणं या आवारातली आहेत. पण कोल्हापूर, नांदेड किंवा गोव्याच्या ताळगाव पठारावर शिकत असाल तर जागांची नावं बदला, बाकी बरंचसं चालून जाईल.

आधी एक सांगून टाकतो. पोस्टर पाहून कुणी येत नाही. बोलावलं की येतात. लग्नाचंच बघा ना. पत्रिका पोस्टानं आली की घरात 'बघू' म्हणतात. कुणी दारात येऊन अक्षता दिल्या की रजा टाकून जातात. पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम ही सगळी पत्रिका झाली. आवतण वेगळं, आणि ते द्यायला पायपीटच करावी लागते. पत्रिका नको असं नाही, कारण आवतण दिल्यावर तारीख-वार आठवायला तीच लागते. पण नवी मुलं आठ दिवस पोस्टरच्या रंगांवर घालवतात आणि आवतणाला अर्धा दिवसही ठेवत नाहीत, तिथं गाडी अडते.

१. कोण येणार, ते लिहून काढा

बैठकीत विचारा, 'हा कार्यक्रम कुणासाठी?' उत्तर येईल, 'सगळ्यांसाठी.' हे उत्तर वहीत उतरवून घेऊ नका. विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे. त्यात विभाग आहेत, वसतिगृहं आहेत, आयुका या खगोलशास्त्र केंद्रासारख्या संस्था आहेत. 'सगळे' म्हणून कुणी भेटत नाही. भेटतो तो मानवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, किंवा जयकर ग्रंथालयात सकाळी आठपासून बसलेला स्पर्धा परीक्षेचा मुलगा.

२०२२ चं उदाहरण देतो. विमुक्त दिनानिमित्त आम्ही एक व्याख्यान ठरवलं होतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जाचातून सुटल्या, म्हणून तो विमुक्त दिन. विषय होता जात प्रमाणपत्राचा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. ज्याचे आजोबा पालं टाकत गावोगाव हिंडले, त्यानं तो कागद कुठून आणायचा?

आम्ही वही घेऊन बसलो आणि चार गट निघाले. ज्यांचा स्वतःचा जातीचा दाखला किंवा त्याची पडताळणी अडकली आहे अशी मुलंमुली, विभाग कुठलाही असो. मग समाजशास्त्र, मानवशास्त्र, विधी आणि स्त्री अभ्यास केंद्रातले विद्यार्थी. मग ज्यांना हा विषय अभ्यासक्रमात येतो ते स्पर्धा परीक्षावाले. आणि आवाराबाहेरचे कार्यकर्ते. प्रत्येक गटापुढं आमच्या ओळखीचं एक तरी नाव लिहिलं. जिथं नाव सुचेना तिथं कुणाकडून ओळख निघेल ते लिहिलं. ही यादी म्हणजे निम्मी प्रसिद्धी. पोस्टर करायच्या आधी ती झालेली असली पाहिजे.

यादीवरून सभागृहही ठरतं. पन्नास माणसं येतील असं वाटत असेल तर ऐंशी खुर्च्यांची जागा घ्या. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात तेच पन्नास जण शोकसभेला आल्यासारखे दिसतात, आणि वक्त्यांचाही सूर तसाच लागतो.

२. तारीख ठरवताना कालनिर्णय समोर हवं

वरच्या व्याख्यानाची तारीख आम्ही अर्थातच ३१ ऑगस्ट ठरवली. विमुक्त दिन म्हटल्यावर त्यात विचार काय करायचा? वक्त्यांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'अहो, त्या दिवशी माझ्याकडं गणपती बसतोय. तुमच्याकडं नाही का बसत?' २०२२ साली ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. सात जणांच्या बैठकीत एकानंही भिंतीकडं पाहिलं नव्हतं. होस्टेल रिकामं, मेस बंद, आणि आम्ही जात प्रमाणपत्रावर व्याख्यान ठेवून बसलेलो! शेवटी विसर्जन होऊन गेल्यावर, गुरुवार १५ सप्टेंबरला कार्यक्रम घेतला.

तेव्हापासून तारीख पक्की करण्याआधी मी एवढं पाहतो: सण आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस, कारण गावी जाणारा आदल्या दुपारीच सुटतो. विभागांच्या अंतर्गत परीक्षा. नेट-सेट आणि एमपीएससीच्या तारखा. आणि त्याच दिवशी आवारात दुसरं काय आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा याबाबत फसवा असतो. २७ ला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. विज्ञान दिनी आयुका पाहायला शाळांच्या शाळा येतात आणि विभागाविभागांत कार्यक्रम असतात. त्या गर्दीत तुमच्या कार्यक्रमाकडं बघणार कोण? ऑगस्ट-सप्टेंबरात नाटकवाली मंडळी पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत अडकलेली असतात. त्यांच्या भरवशावर काही ठरवू नका.

वेळेचं गणित जेवणाशी आणि बसशी जोडलेलं आहे. होस्टेलची मुलं संध्याकाळी मेसची वेळ झाली की चुळबुळ करू लागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पिंपरी-चिंचवडकडून किंवा हडपसरहून येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठ चौकातली संध्याकाळची कोंडी असते. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांचे कामाचे तास ठरलेले असतात. आम्हाला दुपारी चार ते सहा ही वेळ सगळ्यात मानवली. तुमच्या आवारात वेगळी मानवेल. फक्त ती वक्त्यांच्या सोयीआधी ऐकणाऱ्यांच्या सोयीनं शोधा.

३. कागद फिरवा, आणि पोच घ्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. सभागृह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडं लेखी अर्ज करायचा. त्यात विषय, तारीख, वेळ, अंदाजे संख्या, वक्त्यांचं नाव आणि जबाबदार विद्यार्थ्याचा फोन नंबर. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीनं, 'योग्य मार्गे'. दोन प्रती न्या; एक द्या, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. एका कार्यालयात आमचा अर्ज टेबलावरून टेबलावर जाता जाता गहाळ झाला. आमच्याकडं शिक्क्याची प्रत नव्हती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी समजलं, की सभागृह दुसऱ्याच कुणाला दिलंय. चूक त्यांची होती, पण धावपळ आमची झाली.

त्याच फेरीत सुरक्षा विभागाला कळवून ठेवा. बाहेरचे पाहुणे येणार असतील तर गाडीचा नंबर आणि वेळ द्या, म्हणजे फाटकावर पाहुण्यांना 'कुठं निघालात?'चा खुलासा करत बसावं लागत नाही. मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावणार असाल तर तेही विचारा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, त्यामुळं 'एक स्पीकर लावला तर काय होतंय' हे कुणी ऐकून घेणार नाही.

आणि परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत पोस्टर छापायला टाकू नका. जागेवर कागद चिकटवून 'स्थळ बदलले आहे' असं लिहिलेलं पोस्टर पाहिलं की माणूस तारखेवरही विश्वास ठेवत नाही.

४. पोस्टर: विषय मोठा, मान्यवर लहान

मराठी पोस्टरची एक जुनी खोड आहे. वर तीन संस्थांची बोधचिन्हं, खाली 'मा. प्रा. डॉ.' लावलेली पाच नावं, त्यांचे गोल चौकटीतले फोटो, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी अंग चोरून बसलेला विषय. तोही बहुधा 'अमुक समाज : दशा आणि दिशा' किंवा 'सद्यस्थिती आणि आव्हाने'. प्रमुख पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून केलेलं पोस्टर प्रमुख पाहुणेच वाचतात.

आमच्या व्याख्यानाचं पहिलं शीर्षक होतं 'भटके-विमुक्त आणि जात प्रमाणपत्राची समस्या'. बैठकीला एक जण होता, ज्याची स्वतःची पडताळणी दोन वर्षं रखडली होती. तो वैतागून म्हणाला, 'समस्या काय समस्या? मला एवढंच विचारायचंय, १९६१ चा पुरावा आणू कुठून?' तेच शीर्षक झालं. '१९६१ चा पुरावा आणू कुठून?' ज्याचा हा प्रश्न होता तो पोस्टरपुढं थांबला, आणि ज्याचा नव्हता तोही, हा १९६१ चा काय भानगडीचा प्रकार म्हणून थांबला. शीर्षक सुचत नसेल तर ज्याला तो विषय सोसावा लागलाय त्याला बोलतं करा आणि त्याचं वाक्य उचला.

शीर्षकाखाली वक्त्यांचं नाव आणि ते काय करतात हे एका ओळीत. मग वार, तारीख, वेळ. वार विसरू नका. '१५ सप्टेंबर' वाचून कुणाच्या डोक्यात काही उजळत नाही, 'गुरुवारी चारला' म्हटलं की उजळतं. मग जागा, आणि ती नवख्याला सापडेल अशी. 'सेमिनार हॉल' या नावाच्या खोल्या आवारात खंडीभर आहेत. इमारत, मजला आणि जवळची सर्वांना माहीत असलेली खूण लिहा. शेवटी 'सर्वांना प्रवेश. नोंदणीची गरज नाही.' ही ओळ छोटी आहे, पण दुसऱ्या विभागातली मुलं केवळ 'आपल्याला चालेल का?' या संकोचानं येत नाहीत. चहा असेल तर 'नंतर चहा' असं लिहा. त्यात लाज कसली?

पोस्टरचा कागद साधा ए-३ पुरे. काळ्या-पांढऱ्यातही चालतं. उलट रंगीत फलकांच्या गर्दीत पिवळ्या कागदावरची काळी जाड अक्षरं लांबून वाचता येतात.

छापखान्यात मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. आपण युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर दुकानदाराच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं सांडतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसली तर 'विद्यार्थी'मधला रफार भलतीकडं जातो, वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला उभ्या राहतात. म्हणून वर्डची फाइल देऊच नका. पीडीएफ करा, ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा, आणि एकच प्रत काढून दोघांनी मोठ्यानं वाचा. आमच्या पहिल्या पोस्टरवर 'विमुक्त'चं 'विमूक्त' झालं होतं. मराठी विभागातल्या एका मॅडमनी फलकावरच लाल पेनानं ते दुरुस्त केलं. पोस्टर चार दिवस तसंच, गुण दिलेल्या उत्तरपत्रिकेसारखं मिरवत होतं.

५. माणूस थांबतो तिथं लावा

माणूस जिथून नुसता जातो तिथं पोस्टर लावून उपयोग नाही. झाडीतल्या रस्त्यांवर, वळणांवर, फाटकाजवळ मुलं गाडीवर असतात नाहीतर फोनवर. ती कुठं उभी राहतात ते बघा: मेसची रांग, पाण्याचा कूलर, झेरॉक्सचं दुकान, जयकरच्या वाचनकक्षाकडं जायची वाट, अनिकेत कँटीन, ओपन कँटीन, विभागाच्या कार्यालयाची ती खिडकी, जिथं बोनाफाईडसाठी पंधरा मिनिटं ताटकळावं लागतं. अशा वीस-पंचवीस जागा नीट निवडल्या की दोनशे पोस्टरांचं काम होतं. होस्टेलच्या जिन्यात, चप्पल काढायच्या जागी लावलेल्या पोस्टरनं आमच्याकडं सर्वांत जास्त माणसं आणली असा माझा समज आहे. पुरावा मागू नका.

फलक ज्यांचा आहे त्यांना विचारून लावा. पिना जवळ ठेवा आणि दुसऱ्याच्या चालू कार्यक्रमावर आपला कागद टोचू नका. आवार मोठं असलं तरी भांडणं लहान गावासारखी पसरतात. भिंतींना, खांबांना, झाडांना खळ लावायची नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि त्यात दंड व कैद दोन्ही आहेत. विद्यापीठाची मुख्य इमारत तर एकोणिसाव्या शतकातलं गव्हर्नरांचं निवासस्थान, वारसा म्हणून जपलेलं. तिच्या दगडावर सेलोटेप लावायचा मोह झाला तर हात खिशात घाला.

६. मोबाइलवरची पत्रिका

व्हॉट्सअ‍ॅपवर नवे लोक हमखास एक चूक करतात. पोस्टरचं चित्र टाकतात, वर 'जरूर या' असं लिहितात आणि मोकळे होतात. चित्र उघडलं तरच मजकूर दिसतो, आणि नेट संपत आलेला मुलगा ते उघडत नाही. मजकूर आधी, चित्र मागाहून. पहिल्या दोन ओळींतच विषय, वार, वेळ आणि जागा आली पाहिजे, कारण सूचनेत तेवढंच दिसतं. आमचा संदेश साधारण असा होता:

'१९६१ चा पुरावा आणू कुठून? गुरुवारी दुपारी ४, जयकरजवळ. जात प्रमाणपत्र आणि पडताळणी अडकलेल्यांनी आपले कागद घेऊन या. व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे.'

'आपले कागद घेऊन या' या शब्दांनी काम केलं. ऐकायला या म्हटलं की माणूस टाळतो. त्याचं काही काम होणार असेल तर येतो.

दुसरी चूक, एकच संदेश ढकलत राहणं. व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवू देतं, आणि फार हातांतून गेलेला संदेश तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शिवाय वर 'पुढं पाठवलेला' अशी पट्टी दिसली की वाचणारा त्याला सुप्रभातच्या फुलांच्या रांगेत बसवतो. त्यापेक्षा प्रत्येक वर्गाच्या सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, फोन करा, त्याला मजकूर द्या आणि त्याच्या गटावर त्याच्या नावानं, वर त्याचं एखादं वाक्य घालून टाकायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीचाही एक घोळ आहे: समोरच्यानं तुमचा नंबर साठवला नसेल तर त्याला संदेश पोचतच नाही, आणि तुम्हाला मात्र वाटत राहतं की दोनशे जणांना कळवलं.

किती वेळा पाठवायचं? आठ दिवस आधी, दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. बस. कार्यक्रमाच्या तासभर आधी मात्र सभागृहाच्या दाराचा, जिन्याचा, बाणाचा फोटो टाका. 'निघतोय, पण कुठं?' म्हणणाऱ्यांसाठी तो लागतो.

इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांनी जाते, म्हणून ती आदल्या दिवशी आणि त्या दिवशी. क्यूआर कोडमागचा नोंदणी अर्ज ठेवायचाच असेल तर नाव आणि विभाग एवढंच विचारा. आणि नोंदणीच्या आकड्यावर चहा सांगू नका. अंगठ्यानं हो म्हणणं आणि पायांनी येणं यांत बराच फरक पडतो.

७. वर्गात जा

आता आवतण. इथं लाजणारी मुलं सगळ्यात जास्त असतात. मीही होतो. पहिल्यांदा एका वर्गात गेलो तेव्हा हातातलं पत्रक वाचून दाखवलं, मान खाली, आणि 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे ही विनंती' म्हणून पळालो. त्या वर्गातून एकही जण आला नाही. बहुसंख्येनं उपस्थित राहा हे वाक्य कानांवर इतकं पडलंय की ते ऐकू येतच नाही.

पद्धत अशी. तास संपायच्या पाच मिनिटं आधी दाराशी उभं राहायचं. सर किंवा मॅडम बाहेर बघतील तेव्हा 'सर, संपल्यावर दोन मिनिटं मुलांशी बोलू का?' एवढंच. चालू तासात घुसायचं नाही. शक्य असेल तर त्यांना आदल्या दिवशीच भेटून ठेवायचं; मग ते स्वतःच 'अरे, ऐका रे जरा' म्हणतात आणि तुमचं निम्मं काम होतं. जाताना त्या विभागातला कुणीतरी बरोबर हवा. मानवशास्त्राच्या वर्गाला मानवशास्त्राच्याच मुलीनं सांगितलेलं पटतं.

बोलायचं काय? कागद खिशात ठेवून गोष्ट सांगायची. आमची एक मैत्रीण वर्गात उभी राहायची आणि विचारायची, 'तुमच्यापैकी किती जणांकडं आजोबांच्या नावाचा १९६१ च्या आधीचा एखादा तरी कागद आहे? शाळेचा, जमिनीचा, कसलाही?' चार-दोन हात वर व्हायचे. मग ती म्हणायची, 'ज्यांच्याकडं नाही त्यांना भटक्या जमातीचा दाखला कसा मिळतो, ते गुरुवारी चारला सांगणार आहेत. मी दाराशी असेन.' झालं. पाऊण मिनिट. तिनं 'मी दाराशी असेन' म्हटलं की अनोळखी सभागृहात एक ओळखीचा चेहरा असणार याची खात्री व्हायची. गावाकडून नव्यानं आलेल्या मुलांना ती खात्री फार लागते.

मेस ही दुसरी जागा. रात्री जेवताना टेबलाटेबलावर जायचं, पण घोळक्यानं नाही. एकट्यानं ताट घेऊन बसायचं, आधी जेवणाला नावं ठेवून घ्यायची आणि मग विषय काढायचा. विदेशी भाषांचा विभाग आवाराबाहेर, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथल्या मुलांना कुणी बोलवत नाही अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. एक फेरी तिकडंही मारा.

पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणत जी गर्दी उसळते, ती काही पोस्टर वाचून आलेली नसते. प्रकाशयोजना करणाऱ्याचे चार मित्र, नेपथ्याला खिळे ठोकणाऱ्याचे चार, प्रॉम्प्टरच्या दोन बहिणी, असे मिळून सभागृह भरतं. तुम्हीही कामं वाटा. एकानं बाण लावायचे, एकीनं पाहुण्यांना फाटकावरून आणायचं, दोघांनी चहा, एकानं फोटो, एकीनं वही सांभाळायची. ज्याच्याकडं काम आहे तो स्वतः तर येतोच, वर आपल्या दोस्तांना ओढतो. कामं तीन असली तर ती नऊ जणांत वाटा.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. 'हजेरी लावू' म्हणून पहिल्या वर्षाचे वर्गच्या वर्ग आणून बसवणं. खुर्च्या भरतात, फोटो छान येतो. पण मागच्या चार रांगांत मोबाइलचे उजेड दिसत राहतात, वक्त्यांना ते कळतं, आणि त्या मुलांच्या मनात तुमच्या मंडळाचं नाव शिक्षेशी जोडलं जातं. पुढं तीन वर्षं ती मुलं तुम्हाला टाळतात.

८. रेडिओ आणि वर्तमानपत्र

आवारातच विद्यावाणी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, १०७.४ वर. असं केंद्र तुमच्या विद्यापीठात असेल तर आठवडाभर आधी जाऊन भेटा. वक्त्यांची दहा मिनिटांची मुलाखत होऊ शकते का विचारा. पुण्यातल्या दैनिकांत शहरातल्या कार्यक्रमांचं छोटं सदर असतं. त्यासाठी चार ओळींचा मजकूर दोन-तीन दिवस आधी, युनिकोडमध्ये, मेलमध्येच लिहून पाठवावा. त्यातून विद्यार्थी फारसे येत नाहीत. निवृत्त शिक्षक, कार्यकर्ते येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि सगळ्यांत चांगले प्रश्न विचारतात. कधीकधी सगळ्यांत लांबही.

९. त्या दिवशी

बाण मुख्य रस्त्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत लावा, प्रत्येक वळणावर एक. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. आम्ही ते केलं नाही आणि १५ सप्टेंबरच्या दुपारी सरीनं आमचे तीन बाण ओहळातून वाहून नेले. मग एक मुलगा छत्री घेऊन वळणावर उभा राहिला. ते बाणापेक्षा चांगलं ठरलं, कारण वाट चुकून दुसऱ्याच कुणाकडं निघालेले चौघंही त्यानं आमच्याकडं वळवले.

खुर्च्या निम्म्याच मांडा, बाकीच्या भिंतीशी ठेवा. माणसं वाढली की आणून मांडता येतात, आणि जादा खुर्च्या ओढल्या जाताना बघून सभागृहाला जरा उत्साह येतो. वेळेवर सुरू करा. 'अजून थोडी मुलं येऊ देत' म्हणत थांबलात तर जी वेळेवर आली त्यांना शिक्षा, आणि पुढच्या वेळी तीही उशिरा येतात. पाहुण्यांचा परिचय दोन मिनिटांत संपवा.

दाराशी वही ठेवा. नाव, विभाग, आणि तिसरा रकाना: 'कुठून कळलं?' हा रकाना लोक मनापासून भरतात. आमच्या वहीत 'पोस्टर' कमी वेळा होतं, 'व्हॉट्सअ‍ॅप' त्याहून बरं. बाकी होतं ते असं: 'रूममेट', 'मेसमध्ये सांगितलं', 'मॅडम म्हणाल्या', 'मैत्रिणीनं ओढून आणलं', आणि एका ठिकाणी नुसतं 'माझाच प्रश्न आहे'.

१०. दुसऱ्या दिवशी सकाळी

पोस्टर उतरवा. सगळी, स्वतःच्या हातांनी, पिना काढून डबीत भरून. ज्यांनी फलक दिला, वर्गात दोन मिनिटं दिली, कार्यालयात शिक्का मारला, त्यांना जाऊन 'काल चांगलं झालं' एवढं सांगा. पुढच्या वेळी तेच दार पुन्हा ठोठवायचं असतं. आलेल्यांना एक संदेश, एक फोटो, आणि व्याख्यानात सांगितलेल्या कागदपत्रांची यादी. तो संदेश न आलेल्यांपर्यंतही फिरतो आणि त्यांना चुटपुट लावतो.

मग ती वही घेऊन बसा. 'मैत्रिणीनं ओढून आणलं' असं जिनं लिहिलं तिला विचारा, कोणत्या मैत्रिणीनं? ते नाव पहिल्या पायरीतल्या यादीत सगळ्यांत वर लिहा आणि पुढच्या बैठकीला तिला बोलवा. फोन करून.